आरपार टाका

पोरी, परवा फोनवर विचारलंस, "आत्ती, वाकळेवर फुलं-पानं कापून लावायची नवी पद्धत शिकायची आहे, कुठनं सुरू करू?" हातात कापड असल्याशिवाय हे सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशी गप्प बसले आणि आता लिहून पाठवते. वाचताना शेजारी जुनं लुगडं, कात्री, सुई-दोरा घेऊन बस. जिथं अडशील तिथं थांब, करून बघ, मग पुढं वाच.

तुमच्या वर्गात त्याला ॲप्लिक म्हणतात. आम्ही ठिगळच म्हणत आलो. भोक झाकायला लावलं काय किंवा शोभेला लावलं काय, टाका तोच आणि कष्टही तेच, तेव्हा त्या शब्दाची लाज धरू नकोस. ठिगळ लावताना मी एवढंच बघते, की ते कुणाला धरून आहे? नुसत्या वरच्या कापडाला, की खालच्या अस्तरापर्यंत सगळ्या थरांना? हे मला कुणी शिकवलं नाही, पुरानं दाखवलं.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा घरात आली ते तुला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शुक्रवार पेठेतल्या आपल्या खालच्या खोलीतली ट्रंक चार दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर गाळातनं दोन गोष्टी काढून मी कठड्यावर शेजारी शेजारी टाकल्या. एक तुझ्या आज्जीनं शिवलेली वाकळ. दुसरी मी हौसेनं केलेली चादर. तिच्यावर मी चिकट कागद घालून इस्त्रीनं कमळं चिकटवली होती आणि त्यांच्या कडेनं मशीनवर दाट टीप मारली होती. दिसायला चादर वाकळेपेक्षा किती तरी देखणी. दोन्ही तीन-तीन पाण्यांतनं काढल्या. आईच्या वाकळेचं एक हिरवं ठिगळ विटलं, पण सुटलं एकही नाही. चादरीवरची कमळं मधनं फुगून वर आली, चिकटवलेल्या जागी पिवळे डाग पडले, कडेची टीप तेवढी धरून राहिली आणि त्या टिपेलगतच वरचं कापड फाटलं. आईचा टाका प्रत्येक ठिगळातनं जाऊन खालच्या धोतरातनं बाहेर पडत होता. माझा टाका वरच्या कापडातच फिरून संपत होता.

चिकट कागद वाईट असं मी म्हणत नाही. भिंतीवर टांगायच्या तुकड्याला, पिशवीला तो चालतो. पण जे अंगावर घ्यायचं, तुडवलं जायचं, वर्षातनं दोनदा धुवायचं, त्याला दोऱ्याशिवाय दुसरं काही धरत नाही.

आता नवी पद्धत. तू मोबाईलवर परदेशातल्या बायांचे व्हिडिओ बघतेस, जरूर बघ. पण मला जी पद्धत सापडली ती फार लांबची नाही. बेळगाव, धारवाडच्या पलीकडं, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळला नणंदेच्या सासरी लग्न होतं तेव्हाची गोष्ट. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, आणि दुपारी मागच्या गल्लीत एक सिद्दी बाई कट्ट्यावर कापड पसरून शिवत बसलेली दिसली. सिद्दी म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतनं गोव्यात आणल्या गेलेल्या माणसांचे वंशज. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. त्या बाईचं बोलणं निम्मं कोकणी, निम्मं मराठी, त्यामुळं आमचं जमलं. ती जे शिवत होती त्याला ती कवंदी म्हणाली. आपल्या गडहिंग्लजकडचे कानडी लोक कौदी म्हणतात, त्याच घरातला शब्द. मी दोन दुपारी तिच्याजवळ बसले. या कवंद्यांवर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हेन्री ड्रूअल या अभ्यासकानं लिहिलंय, त्यांची तिकडं प्रदर्शनं भरली, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तिचा हात बघत होते.

आपल्या घरची रीत अशी, की आधी थर पसरायचे, चारी बाजूंनी कच्चे टाके घालायचे, वरची ठिगळं जागच्या जागी बसवून घ्यायची आणि मग बाहेरच्या चौकटीतनं आत आत धावदोरा घालत जायचं. म्हणजे ठिगळ लावायचं काम एक आणि वाकळ भरायचं काम दुसरं. कवंदीत ही दोन कामं वेगळी नाहीत. तीही कडेपासून आत जाते, आपल्यासारखीच चौकटीनं फिरते, पण ठिगळ वाटेत घेत जाते. एक ठिगळ ठेवायचं, त्याची दिसणारी कड आत मुडपायची, आणि ज्या टाक्यानं ते लावायचं त्याच टाक्यानं सगळे थर शिवून टाकायचे. पुढचं ठिगळ आधीच्याच्या कच्च्या कडेवर चढवायचं. असं फिरत फिरत मध्यावर पोचायचं. शेवटी मधोमध एकच तुकडा उरतो, त्याच्या मात्र चारी कडा मुडपाव्या लागतात. वेगळं चिकटवणं नाही, आखणी नाही, मशीन नाही. ठिगळ सुटायचं म्हटलं तर अख्खी वाकळ उसवावी लागेल.

हे करायला बसशील तेव्हा पहिल्यांदा दुपटं घेऊ नकोस. बहिणीच्या बाळासाठी करायचंय म्हणालीस, ते मला कळतं, पण बाळाचं काम शिकण्यासाठी नसतं. आधी बसायचं आसन कर, दीड फूट लांब, दीड फूट रुंद. त्यात सगळ्या चुका होऊन जातील आणि देवघरापुढं टाकायला एक वस्तूही होईल.

आसनासाठी अस्तर चारी बाजूंनी इंचभर मोठं कापायचं, म्हणजे 20 इंच चौरस. भरण 18 इंच. भरणाला जुन्या सुती साडीच्या दोन घड्या पुरेत. अस्तराची वाढलेली कड भरणावर वळवून घे आणि नखानं दाब. पहिलं ठिगळ कोपऱ्यात ठेव. त्याच्या बाहेरच्या दोन कडा पाव इंच आत मुडपून अशा ठेवायच्या, की ठिगळाची घडी अस्तराच्या घडीवर बरोबर बसली पाहिजे. दोन घड्या तोंडाला तोंड लावून बसल्या की कडेपासून दोन दोरे आत पहिला टाका. ठिगळाच्या आतल्या कडा तशाच कच्च्या राहू देत, त्यांच्यावर शेजारचं ठिगळ चढणार आहे. पण चढताना खाली अर्धा इंच तरी कापड दबलं पाहिजे. इथं नव्या बायका कंजुषी करतात. आसनावर बघायला बरं दिसतं, आणि दुसऱ्या धुण्यात त्या फटीतनं भरणाचे दोरे डोकावतात.

टाका केवढा? बाळाच्या कापडाला तांदळाच्या दाण्याएवढा, मोठ्या वाकळेला ज्वारीच्या दाण्याएवढा. एका ओळीपासून दुसरी ओळ करंगळीच्या रुंदीइतकी लांब. मोजपट्टी घेऊन बसू नकोस, करंगळी सतत जवळच असते. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि कापडातनं ओढून ओढून टोकाकडं कातरतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरनं दोरा एकदा ओढून घे. गाठ वर ठेवायची नाही, ठिगळाच्या आत ओढून घ्यायची, कारण बाळाच्या गालाला गाठ टोचते. आणि मधल्या बोटात अंगुस्तान घाल. दोन दिवस नकोसं वाटेल. पण सहा-सात थरांतनं सुई ढकलायला लागलीस की मी का सांगत होते ते त्या बोटालाच कळेल.

आता खरी अडचण. कडेकडनं आत जाणाऱ्या कामात जे काही ढिलं असतं ते सगळं मध्याकडं सरकत जातं. प्रत्येक ओळीला केसभर कापड सरकलं, की शेवटच्या चौकटीत मधोमध पुरीसारखा फुगा उभा राहतो. माझ्या पहिल्या कवंदीला असा फुगा आला होता. तिथं मी एक घडी मारून तो दडपला. ती घडी आजही पाठीला लागते, म्हणून ती कवंदी मी कुणाला पांघरायला देत नाही. त्या सिद्दी बाईच्या कामात फुगा का नव्हता, हे मला घरी येऊन, चुकल्यावर आठवलं. ती प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी डाव्या तळहाताची कड, करंगळीकडची, कापडावर टेकवून शिवलेल्या बाजूकडनं मध्याकडं एकदा ओढायची. भाकरी थापताना कडेचं पीठ सारखं करावं तसं. मग कापडाची उरलेली बाजू उचलून झटकायची आणि परत पसरायची. बोलत असली तरी ही हालचाल चुकायची नाही. खालचं अस्तर, मधलं भरण, दोन्ही त्या झटक्यानं मोकळं होतं आणि वरच्याइतकंच पुढं सरकतं. मला वाटलं होतं ती धूळ झटकतेय.

तेवढ्यावर भरवसा नसला तर सुरुवातीलाच थरांना मधोमध एक उभा आणि एक आडवा असे लांब कच्चे टाके घालून ठेव, आणि चौकट तिथवर आली की काढत जा. तरी फुगा दिसला तर शेवटच्या दोन ओळी उसव. दोनच. त्याहून मागं जायची वेळ आली तर उसवू नकोस, तिथलं भरण कात्रीनं थोडं कमी कर आणि पुढं जा. उसवण्यात कापडाचा जीव जातो.

तुला फुलं-पानं हवीत, ती यात कशी आणायची ते सांगते. हे कवंदीतलं नाही, मी माझ्या अंदाजानं जोडलेलं आहे. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील. त्यातली जाड कागदाची एक घे, तिच्यातनं पान काप, जेवढं दिसायला हवं तेवढंच. कापड त्याच्याभोवती पाव इंच जास्त ठेवून काप. साबुदाण्याची पातळ खळ कर, कपड्यांना करतो तशीच पण दुप्पट पाणी घालून. बोटानं फक्त त्या वाढीव कडेला लाव, मग कागदावर कड वळवून वरनं गरम इस्त्री टेकव. कड कागदासारखी कडक बसते. गार झाल्यावर पत्रिका काढून घे, पुढच्या पानाला तीच चालते. एका पत्रिकेत माझी तीस पानं झाली होती.

पानाचं टोक जमत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, कारण आधी बाजू मुडपल्या जातात. आधी टोक आत मोड, सरळ आडवं. मग डावी बाजू, मग उजवी. दोन्ही बाजूंचं कापड टोकाखाली एकावर एक येऊन गाठोडं होतं, ते गाठोडं कातरून टाक, पण दिसणाऱ्या घडीपासून दोन दोरे सोडून. जिथं आकार आत वळतो, समजा बदामाच्या वरच्या खाचेत, तिथं कडेला बारीक कात्री द्यावी लागते, नाही तर कापड वळत नाही. बाहेर फुगणाऱ्या वळणाला कात्री देऊ नकोस, तिथं कडा दिसायला खडबडीत होतात. गोल फुलाला तर कात्रीही नको आणि खळही नको. कडेनं बारीक धावदोरा घाल, मध्ये कागदाची चकती ठेव आणि दोरा ओढ. बटव्याचं तोंड आवळावं तसं कापड चकतीवर आवळून येतं.

फूल तयार झालं की ते जिथं हवं तिथं टाचणीनं धर आणि कडेनं बारीक तुरपाई कर, टाका दिसणार नाही अशी. इथं बहुतेक जणी थांबतात. तू थांबायचं नाहीस. वाकळेच्या ओळी फिरत फिरत तिथवर आल्या की त्या फुलाला वळसा घालून नेऊ नकोस, फुलावरनं आरपार ने. तुला वाटेल फूल बिघडलं. चार ओळी गेल्यावर बघ, पाकळ्यांवर शिरा आल्यासारखं दिसतं, आणि ते फूल आता वरच्या कापडाचं राहिलं नाही, वाकळेचं झालं. शेवटी एकदा कोमट पाण्यात धुवून सगळी खळ काढून टाक. खळ राहिली की कसर लागते, आणि कसर खळीबरोबर कापडही खाते.

कापडाचं थोडक्यात सांगते. जुनं सुती लुगडं सगळ्यांत चांगलं, त्याचं आटणं, विटणं सगळं होऊन गेलेलं असतं. त्याचे काठ फेकू नकोस, बाहेरच्या चौकटीला ते लाव, तिथंच घासणूक जास्त. इरकलीचा पदर देखणा, पण रेशीम सुताच्या आधी विरतं, म्हणून तो मध्याकडं घे. खणाचं कापड कापल्या कापल्या सुटायला लागतं. त्याला पाव इंच पुरत नाही, अर्धा इंच मुडप ठेव. इचलकरंजीच्या नव्या पॉपलिनचे तुकडे घेणार असशील तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच काप, नाही तर वाकळ धुतल्यावर ठिगळ आटतं आणि भोवतीचं कापड चुण्या धरतं. गुळगुळीत पॉलिस्टरच्या साड्या मी वरती घेत नाही. सुई घसरते, इस्त्री पोळते, आणि अंगाला घाम आला की त्या पोराला नकोशा होतात.

लाल रंगाबद्दल मात्र थांबून ऐक. तुझ्या दादाच्या बाळंतविड्यात मी पांढऱ्या धोतराच्या दुपट्यावर लाल कापडाचे मोर लावले होते. दुकानदारानं रंग पक्का आहे म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला. पहिल्याच धुण्यात मोरांभोवती गुलाबी डाग पसरले. वहिनी काही बोलली नाही, पण ते दुपटं बाळाच्या अंगाखालीच राहिलं, अंगावर कधी आलं नाही. त्यानंतर मी दुकानात कुणाला विचारत नाही. कापडाचा कोपरा ओला करायचा, पांढऱ्या रुमालात ठेवायचा आणि वरनं गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर ते कापड दोन-तीन वेळा वेगळं धू आणि परत बघ. तरी लागला तर सोडून दे, कितीही आवडलेलं असो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. मी करून बघितलंय, नाही होत.

एक विचारशील म्हणून आधीच लिहिते. बहिणीच्या सासरच्यांना जुन्या कापडाचं दुपटं आवडेल का, नवंच घ्यावं का? दुपटं या शब्दातच दोन पदर आहेत, जशी चौघडी म्हणजे चार पदरांची. ते पदर मऊ असावेत म्हणूनच जुनं घ्यायचं, घरात नवं नाही म्हणून नव्हे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या काळ्या बायका शेतात वापरून विटलेल्या पँटी आणि झगे फाडून गोधड्या शिवत आल्या. त्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये तिकडच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. पँटीच्या गुडघ्यावरचा विटलेला डाग त्यांनी लपवला नाही, कापून मध्यावर घेतला. तुझ्या आज्जीच्या हिरव्या लुगड्याचा पदर माझ्याकडं आहे. तो दुपट्याच्या मधल्या तुकड्याला घे. तिथं काय आहे हे बाळाच्या आईला सांग म्हणजे झालं.

रंगांची मांडणी शिकवता येत नाही, निदान मला येत नाही. ठिगळं जमिनीवर पसर, दारात जाऊन उभी राहा आणि डोळे अर्धे मिटून बघ. जे एकटंच ओरडतंय ते उचल आणि त्याच रंगाचा दुसरा छोटा तुकडा लांबच्या कोपऱ्यात ठेव.

काम मांडीवर घेऊन करू नकोस. मांडीवर कापडाला पोक येतं आणि भरण खाली घसरतं. जमिनीवर सतरंजी घाल, वर काम पसर, एक पाय लांब, एक मुडपलेला, आणि ज्या बाजूला शिवायचं तिकडं आपण सरकायचं, कापड ओढायचं नाही. कंबर दुखत असेल तर मोठा पाट पुढं घे. दुपारी अकरा ते चार, खिडकीकडं डावा खांदा करून. रात्री दिव्याखाली गडद कापडावर गडद दोरा कधीच नको, सकाळी अर्धं उसवावं लागतं.

वेळही बघून सुरू कर. आपल्याकडं संक्रांतीनंतर काम पसरायचं आणि मृग लागायच्या आत आवरायचं, त्याला कारण आहे. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की बोटं दमट राहतात, सुई कापडाला चिकटून कुरकुरत जाते आणि भरणातला ओलावा आत कोंडला तर वाकळेला कायमचा वास धरतो. शिवलेलं काम पावसाळ्यात ठेवायची वेळ आली तर घडीवर घडी घालून दाबू नकोस, सैल गुंडाळी कर आणि ऊन पडेल त्या दिवशी उलगड. घट बसायच्या आधी आपण सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतो, त्या वेळी नव्या कामाचंही पहिलं मोठं धुणं काढ. वाकळ बादलीत पिळू नये. पाणी भरल्यावर तिचं वजन टाक्यांवर येतं आणि पहिल्यांदा तुटतो तो कोपऱ्यातला टाका. दोघींनी दोन टोकं धरायची, सैल पीळ द्यायचा, मग काठीवर आडवी टाकून पाणी गळू द्यायचं. पाणी गळून गेल्यावरच दोरीवर.

कोपऱ्यांवरनं आठवलं. त्या सिद्दी बाईचं काम संपलं असं मला वाटलं तेव्हा तिनं चार छोटे चौकोन काढले, प्रत्येकाच्या दोन घड्या घालून त्रिकोण केले आणि चारी कोपऱ्यांत बसवले. त्यांना ती फुलं म्हणाली. फुलांशिवाय कवंदी पुरी होत नाही, असं तिनं अगदी ठाम सांगितलं. मी ते शोभेचं समजले होते. पण कोपरा उचलून धरायला, झटकायला, दोरीवर टाकायला माणूस नेमका तिथंच चिमटीत धरतो, आणि तिथं आता कापडाचे चार पदर जास्त होते. तुझ्या दुपट्याला फुलं लाव. त्रिकोणाचं टोक आतल्या बाजूला नाही, बाहेर डोकावू दे, बाळ हातात धरेल ते आधी. त्यासाठी तिथं तीन वेळा टाका फिरव.

शेवटचं, आणि यात हयगय नको. काम सुरू करताना टाचण्या मोजून डबीत घे आणि आकडा झाकणावर लिही. उठताना मोज. सुई कामात टोचून उठू नकोस, चहाला उठलीस तरी नाही, ती उशीला टोच. कापडात राहिलेली सुई एका पावसाळी रात्रीत गंजते आणि तो डाग जात नाही, पण डागाचं राहू दे, ते बाळाचं कापड आहे. पूर्ण झाल्यावर दुपटं उन्हात पसरून दोन्ही तळहात सगळ्यावरनं दाबून फिरव, एकदा सरळ, एकदा उलट बाजूनं. आकडा जुळला असला तरी फिरव.

आसन झालं की घेऊन ये, कोपरा उलटून बघते. येताना बाजारातनं वाकळेचा जाड पांढरा दोरा आण, दोन रिळं. माझ्याकडचा परवाच संपला आणि शेजारच्या काकूंची चौघडी निम्म्यावर अडकून पडलीय.